घरबसल्या महिन्याला पाच-सहा हजार जास्तीचे कसे मिळवायचे: आधी स्वतःची मजुरी धर, मग कामाला हात लाव

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, पेन्सिल पॅकिंगच्या डिपॉझिटचे ते अडीच हजार भरू नकोस. बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

तू विचारलंयस की काकू, नवऱ्याचा पगार २६ हजार, चिंचवडला भाड्याचं घर, ९ हजार भाड्यातच जातात, मुलगी दुसरीला आणि धाकटा अडीच वर्षांचा, त्यामुळे बाहेर नोकरी जमत नाही, तर घरून महिन्याला पाच-सहा हजार कसे मिळवू. आणि तीन पर्याय दिलेस. जावेच्या मैत्रिणीने सांगितलेलं पेन्सिल पॅकिंगचं काम, ज्याला अडीच हजार डिपॉझिट आहे. दुसरं मसाले-पापड करून विकणं. तिसरं ब्लाउज शिवायला शिकणं.

पॅकिंगचं पहिल्यांदा. नावाजलेल्या पेन्सिल कंपन्या कुणाच्या घरी पोती पाठवून हाताने पॅकिंग करून घेत नाहीत गं, ते काम मशीनवर होतं. कंपनीचा लोगो असलेलं आयकार्ड पाठवतात, तुझ्या नावाचं जॉइनिंग लेटर पाठवतात, मग आधी रजिस्ट्रेशन, मग माल पाठवायचा कुरिअर खर्च, मग जीएसटी, असं करत करत पैसे काढत राहतात आणि माल काही येत नाही. साधी खूण लक्षात ठेव, काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. डेटा एन्ट्रीवाले तर अजून वाईट, ते ऑनलाइन अॅग्रीमेंटवर सही घेतात, काम दिल्यावर अचूकता कमी आली म्हणतात आणि वकिलाची नोटीस म्हणून एक पीडीएफ पाठवून दंड मागतात, बायका घाबरून भरतात. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे टास्क पण तसेच, पहिले दीडशे-दोनशे खरंच देतात आणि मग प्रीपेड टास्क म्हणून हजारोंत घेतात. आणि कुणी म्हणालं की नुसतं तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो, तर अजिबात नाही, त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरतात आणि पोलीस तुझ्या दारात येतात. कुणाचे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांग, जितक्या लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

आता माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. २००८ च्या मंदीत पिंपरी-चिंचवडमधल्या बऱ्याच कारखान्यांत ओव्हरटाइम बंद झाला तसा आमच्या ह्यांचाही झाला, घरात महिन्याला साडेतीन हजार कमी यायला लागले. तेव्हापासून मी घरून पोळ्या, डबे आणि दिवाळीचा फराळ करते. मधे दोन वर्षं बचत गटाची सचिव होते, तेव्हा वीस-बावीस बायकांचे हिशोब मांडून द्यायचे, त्यामुळे कुठल्या कामात काय उरतं ते बऱ्यापैकी माहितीये.

आणि त्यातून शिकलेली एकच गोष्ट तुला द्यायचीय, जोडधंद्यात बायका कष्टाला कधीच कमी पडत नाहीत, त्या स्वतःची मजुरी धरत नाहीत तिथे बुडतात.

माझं पण असंच झालं. २००९ ची दिवाळी, पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, चकली, शेव, बेसन लाडू, चिवडा, शंकरपाळे. सोळा दिवस राबले, रोज सात तास तरी. सगळे पैसे आले ते साडेसहा हजार झाले, डब्यात ठेवले, मला वाटलं दिवाळीच झाली खरी. भाऊबीज झाल्यावर वही घेऊन बसले. तेलाचे डबे घरखर्चातून आणले होते ते लिहिले, साखर त्या वर्षी खूप भडकली होती ती लिहिली, तूप, डाळी, काजू-बेदाणे, गिरणी, गॅस, पिशव्या, रिक्षा. खाली उरले १९००. त्याला ११२ तासांनी भागलं तर तासाला १७ रुपये. मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसले होते. म्हणजे माल मस्त झाला होता, लोकांनी पुन्हा मागितला होता, कुठेच काही चुकलं नव्हतं, फक्त दर लावताना मी शेजारच्या दुकानातला भाव बघून त्यापेक्षा वीस रुपये कमी लावले होते. माझा घाम कुठे मोजलाच नव्हता.

लिज्जत पापड तुला माहितीच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती ओळखीच्याच व्यापाऱ्याला दिली. सगळेजण ती ८० रुपयांची गोष्ट सांगतात, पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते, तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटायची मजुरी वेगळी मिळते, त्या मजुरीला वणाई म्हणतात. म्हणजे हाताच्या कामाला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा भाव आहे. आपण घरी करतो तेव्हा नेमकं तेच गाळतो, म्हणतो की मी तर घरीच असते, माझा काय खर्च.

तर तुझ्यासाठी माझं मत पोळ्या. कारण सांगते. तू लिहिलंयस की सकाळी साडेपाचला उठून नवऱ्याचा डबा करतेस. म्हणजे तुझा तवा तापलेलाच असतो, कणीक मळलेलीच असते. धाकटा आठपर्यंत उठत नाही. तू राहतेस तिथे कंपनीत जाणारी मुलं कॉट बेसिसवर राहतात, नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं आहेत, त्यांना भाजी जमते पण सकाळच्या घाईत पोळ्या जमत नाहीत. पोळीला फॅशन नाही, सीझन नाही, उधारीवर माल घेऊन ठेवायचा नाही, आणि उद्या बंद करायचं ठरवलं तर घरात मशीन पडून राहणार नाही.

हिशोब बघ, तुझ्या एरियाच्या भावाप्रमाणे आकडे थोडे इकडे तिकडे होतील. रोजच्या ४० मध्यम घडीच्या पोळ्या धर. साधारण १ किलो ३०० ग्रॅम पीठ लागतं, दळणासकट ६२ रुपये. तेल २५. गॅस २०. फॉइल, कागद, रबरबँड १८. झाले १२५. नऊ रुपयांनी पोळी दिलीस तर ३६०, उरले २३५. वेळ मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत दोन तास धर, पोळ्या लाटायला सव्वा तास लागतो पण मळणं, भरणं, आवरणं हेही कामच आहे ते सोडायचं नाही. म्हणजे तासाला ११७ च्या आसपास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५८७५. तुला पाच-सहा हजारच हवेत ना.

आता कुणीतरी नक्की म्हणेल की समोरच्या बिल्डिंगमधली ६ रुपयाला देते. तेव्हा घाबरून ६ करू नकोस. ६ ने दिल्या तर २४० येतील, १२५ जातील, ११५ उरतील, तासाला साडेसत्तावन्न. तेवढेच कष्ट आणि निम्म्याहून कमी पैसे. त्यापेक्षा ९ रुपयांची पाच घरं बरी. जी ६ ने देते तिने बहुतेक गॅस आणि स्वतःचे दोन तास धरलेलेच नसतात, ती वर्षभरात दमून सोडते हे मी कितीदा पाहिलंय.

गिऱ्हाईक कसं मिळवायचं. पहिल्या महिन्यात जेवण पोचवणाऱ्या अॅपवर जाऊ नकोस, तिथे कमिशन मोठं जातं आणि पोळीसारख्या कमी किमतीच्या गोष्टीत ते परवडत नाही. तुझ्याच बिल्डिंगमधून आणि शेजारच्या दोन बिल्डिंगमधून पाच घरं कर. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदाच नीट मेसेज टाक, पोळीचा फोटो, दर, वेळ आणि कुठल्या दिवशी सुट्टी, बास. वॉचमन आणि कामवाल्या मावशींना सांगून ठेव, कुणाची पोळीवाली सोडून गेली ही बातमी त्यांना पहिली कळते. चार पोळ्या एकदा चवीला फुकट दे, पण एकदाच. पैसे महिन्याचे आधी घे. हे बोलायला सुरुवातीला फार जड जातं मला माहितीये, पण रोजचे हिशोब ठेवलेस तर महिन्याअखेरीस कुणी म्हणतं त्या दिवशी आम्ही गावाला होतो, कुणी म्हणतं त्या दिवशी दोनच घेतल्या होत्या, आणि ओळखीच्या माणसाशी भांडता येत नाही. आदल्या रात्री नऊपर्यंत नको म्हणून कळवलं तर ते पैसे पुढच्या महिन्यात धरायचे, सकाळी कळवलं तर पोळ्या झाल्या असं समजायचं. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून पाठव.

आता पोळीबद्दल. घरी गरम वाढतो ती पोळी आणि दुपारी एक वाजता डब्यातून खायची पोळी यात फरक आहे. डब्याची पोळी सात-आठ तास मऊ राहिली पाहिजे, आणि ते मळण्यात ठरतं. कणीक नेहमीपेक्षा जरा सैल मळ, मळून अर्धा तास झाकून ठेव, मग तेलाचा हात लावून पुन्हा तिंब. घाईत लगेच लाटायला घेतलीस तर पोळी दुपारी चिवट होते. घडीला आत तेल आणि कोरडं पीठ नीट भुरभुरव म्हणजे पदर सुटतो. तवा चांगला तापलेला पाहिजे, मंद आचेवर पोळी जास्त वेळ राहिली की वाळते आणि कडक होते. आणि सगळ्यात जास्त पोळ्या खराब होतात त्या तव्यावर नाही, भरताना. गरम पोळी तशीच फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ आत अडते, खालच्या दोन पोळ्या ओल्या गिच्च होतात. मी जाळीवर सुती पंचा अंथरते, पोळी त्याच्यावर टाकते, पाच-सात मिनिटं वाफ जाऊ देते, हाताला कोमट लागली की मग आधी कागद आणि वरून फॉइल. पंचे चार ठेव आणि रोज धुवायचे, आदल्या दिवशीच्या पंचाला आंबूस वास येतो तो पोळीला लागतो. गहू एकदा ठरला की बदलू नकोस, लोकवन किंवा सिहोर जो झेपेल तो, पण दर महिन्याला वेगळा घेतलास तर लोकांना लगेच कळतं. गिऱ्हाईक तुला सांगत नाही, नुसतं बंद करतं.

कागदपत्रांची भीती वाटू देऊ नकोस पण टाळू पण नकोस. घरून खायचं विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, छोट्या धंद्याला साधी नोंदणी असते, मी केली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, फोटो आणि ओळखपत्र लागलं, १४ आकडी नंबर येतो. त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज स्वतः भरता येतो, एजंटला हजार-दीड हजार देऊ नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ती तर सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या साइट्स खूप आहेत, तिथे फसू नकोस. गॅसचं पण नीट समजून घे, घरचा लाल १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, कमर्शियल १९ किलोचा निळा घ्यावा लागतो, मी वर २० रुपये धरलेत ते कमर्शियलच्याच भावाने. घरमालकाला पण आधी सांग, नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर संबंध बिघडतात. तुझे मिस्टर खाजगीत आहेत म्हणून प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचा नवरा राज्य सरकारी नोकरीत असेल तर घरातल्या माणसाच्या धंद्याची माहिती ऑफिसला द्यायचा नियम आहे, ते विचारून घ्या.

पैसे वेगळे ठेवायचे, यावर मी फार हट्टी आहे. शून्य बॅलन्सचं एक खातं उघड, क्यूआर कोड त्याचाच लाव. पीठ-तेलाचा डबा धंद्याचा वेगळा आणि घरचा वेगळा. पाहुणे आले म्हणून धंद्याच्या डब्यातलं तेल घेतलंस तर वहीत लिही. गटात एक ताई होती, तिची वर्षभर तक्रार की मसाल्यात काहीच सुटत नाही, आम्ही महिनाभर रोजचं लिहायला लावलं तेव्हा कळलं की महिन्याला दोन किलो मसाला नातेवाइकांना चवीला जात होता. धंदा चांगला चालला होता, नफा पाहुण्यांच्या घरी जात होता.

मसाले-पापडाचं म्हणशील तर ते वाईट नाही, पण उन्हाळ्याचं काम आहे. मार्च ते मे, गच्ची पाहिजे, ऊन पाहिजे, मिरचीत एकदम पैसे अडकतात आणि ते सुटायला दिवाळी येते. वन बीएचकेत अडीच वर्षांच्या मुलाबरोबर मिरची कांडायचा विचार सध्या सोड. शिवण शिक, जरूर शिक, पण ते दीड-दोन वर्षांनी पैसे देणारं काम आहे. ब्लाउजचं फिटिंग हातात बसायला पन्नासेक ब्लाउज तरी बिघडावे लागतात, आणि एक अस्तरचा ब्लाउज कापण्यापासून हुक लावेपर्यंत नवीन माणसाला पाच-सहा तास खातो. मधल्या काळात फॉल-बीडिंग घेऊ शकतेस, त्याला सुई आणि स्वच्छ हात पुरतात, दुपारी मुलं झोपली की साडीला पाऊण-एक तास लागतो. तुमच्याकडच्या साडीच्या दुकानात जाऊन विचार, लग्नसराईत त्यांना माणसं कमीच पडतात, फक्त दर आधी ठरव आणि पैसे आठवड्याला घे.

दिवाळीचा फराळ यंदा नको, पुढच्या वर्षी. तोपर्यंत पोळीची वीसेक घरं होतील तीच तुझी फराळाची गिऱ्हाईकं. तेव्हा एवढं लक्षात ठेव, ऑर्डर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बंद, निम्मे पैसे आधी. बाहेरदेशी पार्सल जाणार असेल तर चकली, शंकरपाळे, चिवडा, शेव घे, ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांच्या वर टिकत नाहीत, कितीही आग्रह झाला तरी पार्सलला देऊ नकोस. अनारसे घेतलेस तर त्याची मजुरी सगळ्यात जास्त लाव, तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचं, वाळवायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि मग तळताना एखादा तुपात विरघळला तर गेला. त्याचा भाव चकलीच्या जवळपास लावणारी बाई स्वतःचं नुकसान करून घेते.

एक काळजीची गोष्ट. धाकटा अडीच वर्षांचा आहे. ओट्याजवळ त्याला येऊ द्यायचं नाही, दाराला अर्ध्या उंचीची जाळी लाव, तवा मागच्या बर्नरवर ठेव. तो आजारी असेल त्या दिवशी पोळ्या नाहीत, हे गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेव, चांगली माणसं समजून घेतात. आणि मिस्टरांशी बोल, फक्त सुट्टीच्या दिवशी नव्हे, रोज सकाळी सात ते सव्वासात डबे खाली नेऊन देणं त्यांचं काम असं पहिल्या दिवसापासून ठरव. घरात पैसे दोघांसाठी येणार आहेत. आमचे हे सोळा-सतरा वर्षं सकाळचे डबे पोचवत आलेत, नाइट शिफ्ट करून आले तरी आधी डबे मग झोप, म्हणून हे इतकी वर्षं टिकलं.

कर्ज आत्ता नको. सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, बचत गटातून पण मिळतं, पण ४० पोळ्यांना कर्ज कशाला. रोजच्या ८० च्या वर मागणी गेली आणि तीन महिने तशीच टिकली तर एक लाटायला मदतनीस घे आणि तिची मजुरी ठरवून रोजच्या रोज दे. लाटायचं मशीन घेऊ की नको हे बायका मला फार लवकर विचारतात, माझं उत्तर दरवेळी हेच असतं की मशीनचा हप्ता पोळ्यांच्या आजच्या पैशातून निघतोय का ते बघ, उद्याच्या नाही.

आता या आठवड्यात एवढंच कर. एक वही घे. घरच्याच पोळ्या करताना पीठ वजन करून घे, किती पोळ्या झाल्या ते मोज, मळायला घेतल्यापासून ओटा पुसेपर्यंत घड्याळ लाव. तेलाची बाटली सुरुवातीला आणि आठवड्याच्या शेवटी वजन कर. सात दिवसांचे आकडे झाले की एका पोळीला तुझा खर्च किती आणि वेळ किती ते निघेल. ते मला लिहून पाठव, तुझ्या भागातला दर किती लावायचा ते आपण दोघी मिळून ठरवू, आणि मग ग्रुपवर मेसेज टाक.